उजवी कूस

शाळेच्या स्वयंपाकघरात मेंढीचं फुफ्फुस धुता धुता बुरुलचाला सिनेमात काम मिळालं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फाबरोबर बिश्केकहून पाच जणांची टोळी गावात येऊन उतरली होती. त्यांना भुताचा सिनेमा काढायचा होता. एक कॅमेरा, दोन दिवे, एक जुनी गाडी आणि गावाबाहेरचं सोडून दिलेलं मातीचं घर, एवढंच त्यांचं भांडवल. राहायला शाळेची व्यायामशाळा होती आणि दुपारचं जेवण पोरांबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात. दिग्दर्शिका साइकाल एकतीस वर्षांची, काठीसारखी वाळकी, वडिलांचा जुना ओव्हरकोट घालून हिंडायची. गावातले म्हातारे तिची थट्टा करायचे, "पोरी, भूत शोधायला एवढ्या लांब कशाला आलीस? आमच्या गावप्रमुखाला सकाळी उपाशीपोटी बघ, काम होईल."

सिनेमातलं भूत म्हणजे अल्बारस्ती. पिवळ्या केसांची ही बाई बाळंतिणीच्या उशाशी येते, तिचं फुफ्फुस काढते आणि नदीकडे पळत सुटते. फुफ्फुस पाण्याला लागलं की बाळंतीण गेली. गावातली प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकत मोठी झालेली. साइकालच्या गोष्टीत अल्बारस्ती फुफ्फुस मागत नाही, तान्हं मूल मागते. आई घाबरून मूल देऊन टाकते, मग पस्तावते आणि मूल सुटावं म्हणून स्वतःचं फुफ्फुस नदीला वाहायला निघते.

आईचं काम करायला शहरातून एक नटी आली होती. चार दिवसांत ती खोकायला लागली, दवाखान्याचं नाव सांगून गाडीत बसली आणि परत आली नाही. तिला टीव्हीवरची मालिका मिळाली, असं मागाहून कळलं.

त्या दिवशी साइकाल स्वयंपाकघरात मेंढीचं फुफ्फुस मागायला आली. बुरुलचा घंगाळापाशी बसली होती. श्वासनळीतून पाणी ओतायचं, फुफ्फुस फुगवायचं, हलक्या हातानं दाबून लाल पाणी काढायचं, ते पांढरंशुभ्र होईपर्यंत पुन्हा पुन्हा. नंतर त्यात दूध भरून उकडायचं. साइकाल दारातच उभी राहिली.

"ताई, हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सासूनं. का गं?"

"तुम्ही त्याला अंघोळ घालताय असं वाटतं."

"मग काय आपटू धोब्यासारखं? फाटलं की दूध सगळं चुलीत."

साइकाल हसली नाही. ती बुरुलचाच्या हातांकडे बघत राहिली, मग एकदम म्हणाली, "माझ्या सिनेमात आई व्हाल?"

बुरुलचा चव्वेचाळीस वर्षांची, रुंद हाडाची, कपाळावर चुलीच्या वाफेचा कायमचा घाम. तिला वाटलं, पोरगी उपाशी आहे म्हणून काहीतरी बरळतेय. तिनं आधी तिला वाडगाभर चहा दिला. पण साइकाल हटली नाही. संध्याकाळी बुरुलचानं नवऱ्याला सांगितलं, तेव्हा सोवेतबेक घोड्याचा खूर साफ करत होता. तो पोट धरून हसला.

"पन्नाशीला टेकली आणि नटी झाली! आता मी कुणाच्या हातचं खायचं?"

"स्वतःच्या. हात आहेत की."

गंमत म्हणून ती गेली.

पहिले आठ दिवस सोपे गेले. चालायचं, पाणी आणायचं, दाराकडे बघून दचकायचं. दचकणं तिला जमायचं नाही; साइकालनं मग मागून पातेलं पाडायची युक्ती काढली. अल्बारस्तीचं काम कपडे सांभाळणारी मुलगीच करायची, याकच्या शेपटीचे केस पिवळे रंगवून डोक्यावर बांधून. दोघी मधल्या वेळात एका घोंगडीखाली बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत. लोक बर्फ तुडवत बघायला येत आणि भूत बिया खातंय म्हणून हसत परत जात.

नवव्या दिवशी मूल द्यायचा प्रसंग होता. पोस्टातल्या गुलझातनं आपलं चार महिन्यांचं बाळ तेवढ्यापुरतं दिलं होतं आणि स्वतः शेगडीजवळ डोळ्यांत तेल घालून बसली होती. साइकालनं समजावलं, "ताई, बाळ तिच्या हातात दिलंत की तुम्ही किंचाळायचं. चौकटीवर डोकं आपटायचं."

बुरुलचानं बाळ दिलं आणि ती नुसती उभी राहिली.

"किंचाळा, ताई!"

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा साइकाल चिडली. "ताई, तुमचं पोटचं मूल चाललंय! असं दगडासारखं कोण उभं राहतं?"

"त्या वेळी कुणी किंचाळत नाही," बुरुलचा म्हणाली.

"मग काय करतं?"

बुरुलचानं बाळ पुन्हा मागून घेतलं. बोट जिभेला लावून त्याच्या कानामागचा मळ पुसला. दुपट्याची गाठ सैल वाटली ती सोडून पुन्हा बांधली. मग बाळ पिवळ्या केसांच्या मुलीच्या हातात ठेवलं आणि बाजारातून आणलेल्या वस्तूची खूण सांगावी तशा आवाजात म्हणाली, "उजव्या कुशीवर झोपते. डाव्या कुशीवर ठेवलंस तर रडेल." मग ती वळली, परातीपाशी बसली आणि कणीक मळायला लागली. तिच्या ओठांतून एक बारीक सूर निघत होता, गाणं नव्हे, हुंकारासारखा. कॅमेरा चालूच होता. थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. खोलीत कणकेचा थपथप आवाज तेवढा.

"इथं झग्यावर ओलं दाखव," बुरुलचा मान वर न करता म्हणाली. "दोन्हीकडे. दूध येतं ना. मूल गेलं म्हणून दुधाला कोण सांगणार?"

साइकाल तिच्यासमोर जमिनीवर बसली. "ताई, हे कुठून आलं?"

आणि चोवीस वर्षं जे स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं ते बुरुलचा सांगून बसली.

तिची पहिली मुलगी. थोरला दीर कासिम आणि थोरली जाऊ ऊलकान यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ऊलकानची कूस उजवली नव्हती. घरची रीतच होती. पहिलं मूल धाकट्यानं थोरल्याला द्यायचं. सासऱ्यानं सांगितलं आणि मूल सव्वा महिन्याचं झाल्यावर बुरुलचानं ते दिलं. नंतर तिला दोन मुलगे झाले. मुलीचं नाव जिबेक. आता ती नारीन शहरातल्या इस्पितळात नर्स होती. ती ऊलकानला आई म्हणायची आणि बुरुलचाला काकू. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जिबेकला ठाऊक आहे की नाही, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

साइकालनं डोळे पुसले आणि कॅमेरामनला विचारलं, "घेतलंस ना सगळं?"

शेगडीजवळच्या गुलझातनंही सगळं ऐकलं होतं. पोस्टातली बाई ती. दुसऱ्या दिवशी पत्रांबरोबर बातमीही घरोघर पोचली, आणि पोचता पोचता तिला शिंगं फुटली: बुरुलचानं सिनेमात थोरल्या जावेला अल्बारस्ती केलं.

सोवेतबेकनं ते तबेल्यात ऐकलं. घरी येऊन तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. "बोलायला नको होतंस."

"चोवीस वर्षं नाही बोलले."

"मी तरी कुठं बोललो," तो म्हणाला आणि उठून घोड्याकडे गेला. घोड्याला चारा घालून झालेला होता.

ऊलकान आली ती भर दुपारी, पोरांच्या जेवणाच्या वेळी. अठ्ठावन्न वर्षांची, ताठ, तीन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून काळा रुमाल न सोडलेली. तिला पाहून वाढणाऱ्या बाया पटापट पांगल्या.

"काय गं नटीबाई," ऊलकान म्हणाली, "माझे केस पिवळे कधी झाले?"

"जाऊबाई, लोक काहीही बोलतात. त्यात तुमचं नाव नाही."

"नाव कशाला लागतंय? बिनमुलाची बाई, दुसऱ्याचं मूल घेऊन जाणारी. गावात अशी दुसरी कोण आहे, दाखव."

बुरुलचानं ओगराळं पातेल्यात ठेवलं.

"मी मागितली नव्हती तिला," ऊलकान म्हणाली. "सासऱ्यांनी मागितली."

"मीपण दिली नव्हती, जाऊबाई. सासऱ्यांनीच दिली."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य कुणीच उच्चारलं नव्हतं. पण ऊलकानचा राग निवला नाही, उलट चढला.

"दोन वर्षांची असताना ती गोवरानं फणफणली. अकरा दिवस खांद्यावर घेऊन फिरले मी. खाली ठेवली की रडायची. तेव्हा कुठं होता तुझा कॅमेरा? आणि काय म्हणालीस, उजव्या कुशीवर झोपते? खोटं! माझ्याकडे आल्यापासून ती डाव्याच कुशीवर झोपलीय. विचार कुणालाही."

ती गेली. पुढच्या पंगतीला बुरुलचानं मीठ दोनदा घातलं. पोरांनी बोंब ठोकली तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी ती व्यायामशाळेत गेली. "तो प्रसंग काढून टाक," तिनं साइकालला सांगितलं.

"ताई, माझ्या अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं आहे. बाकी सगळं मी घरी बसून रचलंय."

बुरुलचाला खरं तर हेच ऐकायचं होतं, आणि याचीच तिला लाज वाटली. तिनं मूल दिलं तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. सासू कोकरांकडे गेली होती, सोवेतबेक कुरणावर. आता ते कुठंतरी राहणार होतं, बघता येणार होतं. ते पुसून टाकायला तिचीच जीभ रेटेना. मग तिनं दुसरी वाट काढली.

"मग माझी एक अट. अल्बारस्ती मूल घेऊन गेली, पुढं काय? ते आजारी पडलं, ती त्याला खांद्यावर घेऊन फिरतेय, खाली ठेवत नाहीये. हे दाखव. नाहीतर मी नदीत उतरणार नाही."

नदीचा प्रसंग शेवटचा होता आणि त्याच्याशिवाय सिनेमाच नव्हता. साइकालनं अट मान्य केली. गुलझात आता बाळ द्यायला तयार नव्हती. बाळाला दृष्ट लागली म्हणे. बाहुली गुंडाळून काम भागवलं. पिवळ्या केसांच्या मुलीला बुरुलचानंच शिकवलं. मान अशी धर, पाठीवर थोपटू नकोस, नुसता हात ठेव, तापातल्या पोराला थोपटणं सोसत नाही. मुलगी मन लावून फेऱ्या मारत राहिली. शिकवता शिकवता बुरुलचाच्या मनात येत होतं, हे मी माझ्या दोन्ही मुलांचं सांगतेय; तिच्या वेळी कसं होतं ते मला कुठं माहीत आहे?

मग ती नदीत उतरली. कडेला बर्फाचे पापुद्रे, मधे काळं पाणी. दोन्ही हातांत मेंढीचं पांढरं फुफ्फुस धरून ती तीनदा कमरेपर्यंत गेली, तेव्हा साइकालचं समाधान झालं. आठवडाभर बुरुलचा तापानं अंथरुणात होती. ऊलकान बघायला आली नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्त्यात चिखल झाला आणि साइकाल सिनेमा घेऊन आली. सगळ्यांत आधी गावाला दाखवायचा, असं तिनं वचन दिलं होतं. सांस्कृतिक भवनात दुपारी तीनला खेळ ठेवला. खिडक्यांवर घोंगड्या लावल्या. बुरुलचानं नवा रुमाल बांधला होता. पुढच्या रांगेत ऊलकान बसली होती आणि तिच्या शेजारी, रजा काढून आलेली जिबेक. बुरुलचानंच सोवेतबेकच्या हाती निरोप धाडला होता, जाऊबाई, जरूर या, तुमचीही बाजू त्यात आहे म्हणून.

सुरुवातीला लोक हसले. स्वयंपाकघरातल्या बुरुलचाला एवढी मोठी पाहून हसू येणारच. मग हळूहळू सगळे गप्प झाले. मूल द्यायचा प्रसंग आला तेव्हा तर कुणी खोकलंही नाही. कानामागचा मळ, दुपट्याची गाठ, कणीक, तो सूर, झग्यावर पसरत जाणारे दोन ओले डाग. मागं एक बाई हुंदके द्यायला लागली.

बुरुलचा पुढच्या प्रसंगाची वाट बघत होती. आता खांद्यावरचं मूल येईल. आता येईल. त्याऐवजी पडद्यावर अल्बारस्ती दात काढून हसली आणि मुलाला घेऊन अंधारात नाहीशी झाली. नंतर एकदम नदी.

प्रसंग कापला होता.

"ऊलकान," मागून एक पुरुषी आवाज आला, "केसांना रंग कुठला लावतेस गं?" दोन-तीन जण फिसकन हसले, बाकीच्यांनी त्यांना दटावलं. ऊलकान उठली. चालताना तिचा गुडघा बाकाला आपटला. जिबेक तिच्या मागोमाग उठली, तिला दंडाला धरलं, आणि दोघी दार उघडून बाहेर पडल्या. दारातून आलेल्या उजेडानं पडदा क्षणभर पांढराफटक झाला. बुरुलचाला उठायचं होतं, पण पडद्यावरून नजर निघेना. तिच्यासमोर तीच कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

खेळ संपल्यावर तिनं साइकालला भिंतीशी गाठलं.

"शब्द दिला होतास."

साइकालचा चेहरा उतरला होता. "ताई, मी ठेवून बघितला. खरंच बघितला. पण तो आला की भीती संपत होती. लोकांना त्या बाईची कीव यायला लागायची."

"मग येऊ द्यायची होती कीव."

"मग हा सिनेमा राहिला नसता."

"तू आई नाहीस म्हणून तुला..." बुरुलचा म्हणाली आणि मधेच थांबली. हेच वाक्य बारा वर्षं सासू ऊलकानला म्हणायची. साइकाल रडत होती, पण सिनेमा बदलते असं काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलचा जावेच्या दाराशी गेली. दार जिबेकनं उघडलं. उंच, रुंद हाडाची, गालावर बुरुलचाच्या आईसारखी खळी. आत ऊलकान जमिनीवर अंथरलेल्या चहाच्या फडक्यापाशी बसली होती. ती वळून बघेना.

"माफी मागायला आलेय," बुरुलचा उंबऱ्यातूनच म्हणाली. "तुमचा प्रसंग होता, जाऊबाई. त्यांनी काढला. आणि मूळ प्रसंग काढा असं मला जोर करून म्हणता आलं असतं, ते मी म्हटलं नाही. तेवढं माझं पाप."

ऊलकान चहा ओतत राहिली. मग जिबेकच बोलली.

"मला नऊ वर्षांची असताना कळलं."

दोघी चपापल्या.

"शाळेत एका मुलीनं सांगितलं. तेव्हापासून वाट बघतेय, दोघींपैकी कुणीतरी सांगेल म्हणून. प्रत्येक ईदला वाटायचं, आज सांगतील. नर्स झाले तेव्हा वाटलं. बाबा गेले तेव्हा तर नक्कीच वाटलं. पंधरा वर्षं झाली, काकू. आणि तुम्ही सांगितलंत कुणाला? कॅमेऱ्याला. माझ्या आधी पोस्टातल्या बाईनं तुमच्या तोंडून ऐकलं."

बुरुलचानं उंबरा ओलांडला आणि दार मागं लोटलं.

"आता दोघी बसा," जिबेक म्हणाली, इस्पितळात पेशंटला सांगावं तशी. "आणि मला सांगा. माझ्यासमोर. पहिल्यापासून."

बुरुलचा बसली आणि सांगायला लागली. सासऱ्यानं बोलावलं तो दिवस, कुठल्या दुपट्यात बांधलं, सोवेतबेक कसा मुद्दाम कुरणावर निघून गेला आणि चार दिवस आलाच नाही. ती सांगत होती आणि ऊलकान मधेच तिला तोडत होती. "दुपटं हिरवं नव्हतं, निळं होतं, मी धुतलंय ते." "सासरे एकटे नव्हते, त्यांची बहीणपण होती." बोलता बोलता ऊलकानचा आवाज बदलला.

"तिसऱ्या दिवशी मी तिला परत आणली होती," ती म्हणाली.

"काय?"

"रडून रडून निळी पडली होती पोर. बाटली घेईना. कासिमला न सांगता तिला पोटाशी घेऊन तुझ्या दारापर्यंत आले. म्हटलं, देऊन टाकते, मला नको हे पाप. दार ढकलणार तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. कणीक मळत होतीस आणि गात होतीस. मला वाटलं, बघा, हिला काही नाही त्याचं. ही गातेय. मग मी तशीच मागं फिरले."

बुरुलचा तिच्याकडे वळली.

"गात नव्हते, जाऊबाई. शेजारच्या खोलीत सासरे झोपलेले. रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून तो सूर काढत होते. आठ दिवस काढत होते."

ऊलकाननं चहाचा वाडगा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "काल तोच सूर ऐकला मी," ती म्हणाली. "पडद्यावर. तेव्हा कळलं. म्हणून उठले. त्या मेल्याच्या थट्टेसाठी नाही उठले."

बाहेर कुणाची तरी गाय चिखलात रुतली होती आणि माणसं तिला हाकारत होती. जिबेक दोघींच्या मधे बसून खाली मान घालून रडत होती. दोघींचेही हात पुढं आले आणि दोघींनीही ते मागं घेतले. कुणाचा हक्क आधी, हे ठरेना.

दुपारच्या गाडीनं जिबेक नारीनला गेली. निघताना तिनं ऊलकानचा मुका घेतला. बुरुलचासमोर ती घुटमळली आणि मग तिचाही घेतला. "येते काकू," म्हणाली. दुसरं काही म्हणेल असं बुरुलचाला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. पण पुढच्या गुरुवारी तिचा फोन आला. आधी कधी आला नव्हता. आईची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना, तुम्ही जाऊन बघत जा, एवढंच बोलली.

त्यामुळं बुरुलचाला रोज जावेकडे जावं लागतं. ऊलकान दार उघडते, तिच्यासमोर गोळी तोंडात टाकते आणि पाणी पिते. कधी बस म्हणते, कधी म्हणत नाही. सिनेमा कुठल्या कुठल्या देशांत दाखवला जातोय म्हणतात. साइकालनं दोनदा निरोप धाडला, ताई, लोक तुमच्याबद्दल विचारतात, एकदा माझ्याबरोबर चला. बुरुलचानं कळवलं, सध्या जमणार नाही, घरी एक आजारी माणूस आहे.